जुनी ॲल्युमिनियमची बोट घरी दुरुस्त करताना : वाचकांचे प्रश्न

आलेल्या पत्रांमधल्या बहुतेक बोटी चार ते पाच मीटर लांब, रिव्हेट मारलेल्या आणि दीड ते दोन मिलिमीटर पत्र्याच्या आहेत. उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत. जाड पत्र्याच्या, वेल्डिंग केलेल्या बोटींना जिथे वेगळा नियम लागतो तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : बोट पाण्यात ठेवली की तासाभरात तळाशी घोटाभर पाणी साचतं. आतून सगळ्या रिव्हेटींवर सिलिकॉन लावून झालं, तरी फरक नाही. गळती नेमकी शोधायची कशी?

आधी ते सिलिकॉन काढा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते ॲल्युमिनियमला चांगलं नाही. शिवाय त्याचा पातळ थर जरी मागे राहिला तरी त्यावर रंग, इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारी राळ), फटी बुजवणारं दुसरं सिलंट, काहीच धरत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेलं नायलॉनच्या खरखरीत पॅडने घासून काढा.

मग गळती उलट बाजूने शोधा, म्हणजे पाणी बोटीत भरा आणि बाहेरून बघा. मात्र आख्खी बोट भरू नका. चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळावर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ५०० किलो वजन होतं. ट्रेलरच्या रोलरवर एवढं वजन आलं की पत्रा तिथेच आत दबतो. बोट कण्याखाली आणि दोन्ही बाजूंना लांब फळ्यांवर टेकवा, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचलून ठेवा आणि फक्त मागच्या भागात ८-१० सेंटिमीटर पाणी घ्या. तो भाग झाला की मागची बाजू उचलून पुढचा तपासा.

बाहेरचा पत्रा आधी फडक्याने कोरडा करून घ्या. पाणी पत्र्याच्या कडेने वाहत जातं, त्यामुळे थेंब पडतो तिथे भोक असेलच असं नाही. ओल्या रेषेचं सर्वांत वरचं टोक हीच गळतीची जागा. प्रत्येक जागेवर मेणखडूने खूण करा, पण खुणा वेगवेगळ्या ठेवा : सैल रिव्हेट, सांधा, तडा, पाणी सोडायच्या बुचाची नळी. चौघांचा इलाज वेगळा आहे. पितळी बुचाच्या नळीकडे तर आधीच बघा. पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि तळाच्या सगळ्या रिव्हेटी ठोकून झाल्यावर गळती या नळीच्या कडेला सापडते. तिथे ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची नळी बसवा.

रिव्हेटीभोवती काळसर-करडा ओघळ दिसला तर ती रिव्हेट हलते आहे असं समजा. तो ओघळ म्हणजे घासून निघालेल्या धातूची पूड असते. अशी रिव्हेट बहुधा पुन्हा आवळता येते. त्याला दोन माणसं लागतात. एक जण बाहेरच्या गोल डोक्यावर त्याच मापाची वाटी असलेली टोपी लावून हवेच्या हातोड्याने ठोके देतो. दुसरा आतून रिव्हेटीच्या शेपटीवर, म्हणजे ठोकून चपट्या झालेल्या टोकावर, सपाट, गुळगुळीत लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोकळा साधारण एक ते दीड किलोचा असावा. दोन-तीन सेकंदांचे ठोके पुरतात. त्यात बसली नाही तर ठोकत राहू नका. ॲल्युमिनियम ठोकून ठोकून कडक होतं, डोक्याला चिरा पडतात आणि भोक लांबट होतं. ठोकळा तिरका धरला तर शेपटी एका बाजूला कलंडते. टोपी घसरली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा खड्डा उमटतो आणि पुढे तडा तिथूनच निघतो.

बदलायचीच झाली तर बाहेरच्या डोक्याच्या बरोबर मधे पंचाने खूण करा, रिव्हेटीच्या जाडीचंच बिट घ्या आणि फक्त डोक्याच्या उंचीइतकं ड्रिल करा. डोकं छिन्नीने अलगद उडवा आणि दांडा आतून आधार देऊन पंचाने बाहेर काढा. पत्र्यापर्यंत ड्रिल करत गेलात तर भोक मोठं झालंच म्हणून समजा. नवी रिव्हेट भरीव, ५०५२ किंवा ५०५६ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची घ्या. तिची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटीच्या जाडीची दीडपट. ४.८ मिलिमीटरची रिव्हेट आणि १.६ मिलिमीटरचे दोन पत्रे असतील तर ३.२ अधिक ७.२, म्हणजे साडेदहाच्या आसपास. नीट बसलेल्या शेपटीचा व्यास रिव्हेटीच्या दीडपट आणि उंची निम्मी असते, इथे ७.२ आणि २.४ मिलिमीटर. भोक आधीच सैल झालं असेल तर पुढच्या मापाची रिव्हेट घ्या, पण भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटीच्या जाडीच्या किमान दुप्पट आत राहिला पाहिजे.

सांध्यातून पाझरत असेल तर ठोकाठोक नको. सांधा आतून घासून, ॲसिटोनने पुसून, पूर्ण कोरडा करा. हीट गनने पत्रा हाताला सोसेल इतका कोमट करा आणि पातळ, वाहतं इपॉक्सी ब्रशने सोडा. गरम पत्र्यावर ते आणखी पातळ होतं आणि पत्रा थंड होताना फटीत ओढलं जातं. हे काम रिव्हेटींच्या नंतर करायचं. आधी इपॉक्सी लावून मग ठोकलं तर ते तडकतं.

प्रश्न : दुसरा माणूस हाताशी नाही. पॉप रिव्हेट चालतील का?

पॉप रिव्हेट म्हणजे आतला खिळा ओढून एकाच बाजूने बसवायची पोकळ रिव्हेट. नेहमीच्या उघड्या टोकाच्या पॉप रिव्हेट पाण्याखाली चालत नाहीत, कारण त्यांच्या पोटातूनच पाणी येतं. बंद टोकाच्या चालतात. खिळा पोलादाचा असेल तर तो गंजतो, म्हणून आतला खिळाही ॲल्युमिनियमचाच आहे ना ते बघून घ्या. बसवण्याआधी रिव्हेट पॉलियुरेथेन सागरी सिलंटमध्ये बुडवा. ताकद भरीव रिव्हेटीइतकी नसते. चार-सहा ठिकाणी, हात न पोचणाऱ्या कोपऱ्यात ठीक आहे, पण कण्यावरची आख्खी रांग पॉप रिव्हेटींनी बदलू नका.

प्रश्न : मागच्या आडव्या भिंतीतलं, म्हणजे ट्रान्सममधलं लाकूड स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत जातं. नवीन लाकूड कोणतं घालू? दुकानदार म्हणतो, वाळवी न लागणारं औषध मारलेलं प्लायवुड घ्या, आयुष्यभर टिकेल.

लाकूड टिकेल, बोट टिकणार नाही. बाहेर वापरायच्या बहुतेक प्रक्रिया केलेल्या लाकडात तांब्याचे क्षार असतात. ओल लागली की तांबं विरघळून शेजारच्या ॲल्युमिनियमवर बसतं आणि पत्र्याला आरपार भोकं पडतात. ट्रान्सममध्येच नव्हे, तळाच्या फळ्यांना आणि बैठकीलाही असं लाकूड लावू नका. नवी फळी टाकून दोन-चार वर्षांत तळ चाळणी झालेल्या बोटी असतात, त्यांचं कारण बहुधा हेच निघतं.

बी.एस. १०८८ या ब्रिटिश मानकाच्या दर्जाचं साधं, औषध न मारलेलं मरीन प्लायवुड घ्या. ते न मिळालं तर उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचं, आत पोकळ्या नसलेलं बाहेरच्या वापराचं प्लाय चालेल. कापलेल्या कडेला पोकळी दिसली तर तो तुकडा बाजूला ठेवा.

काढताना कोपऱ्यांचे आधार, वरची पट्टी आणि बोल्ट यांचे फोटो काढून क्रम लिहून ठेवा. जुनं लाकूड पहारीने उचकटू नका, पातळ पत्रा वाकतो. ते तुकडे करून काढा, पण त्याआधी त्याचा आकार पुठ्ठ्यावर घ्या. जुनी जाडी मोजा. ती बहुधा ३५ ते ४० मिलिमीटर भरते, म्हणून १८ मिलिमीटरचे दोन तुकडे भुकटी मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने एकमेकांना चिकटवायचे आणि दिवसभर शिकंज्यात ठेवायचे. शिकंजे इतके करकचून आवळू नका की सगळं इपॉक्सी बाहेर येईल. कोरडा सांधा उकलतो.

आकार कापला, कडा गोल केल्या की इपॉक्सीचे तीन हात द्या. पहिला हात पातळ. कापलेल्या कडा तो पितात, त्यामुळे त्यांचं पिणं थांबेपर्यंत पुन्हापुन्हा द्या. पुढचा हात आधीचा चिकट असतानाच द्यावा. तो पूर्ण वाळला असेल तर वर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि पॅडने धुवायचा, मग घासायचा. उलट केलंत तर मेण लाकडभर पसरतं.

बोल्टची भोकं ही खरी कमजोर जागा, लाकूड कुजायला सुरुवात इथूनच होते. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १३ मिलिमीटरचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध ८ चं भोक घ्या. आता बोल्टभोवती सगळीकडे इपॉक्सीचं कडं आहे आणि सिलंट फाटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, पॉलियुरेथेन सिलंटमध्ये बुडवून बसवा. फळी पत्र्याला चिकटवू नका. ती पुन्हा कधीतरी काढावी लागेल. खाली पाच-सहा मिलिमीटर फट सोडा, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळेल. मोटरच्या शिकंज्याखाली बाहेरचा पत्रा दबून फाटला असेल तर तिथे ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी टाका.

प्रश्न : मधली बैठक काढून सपाट तळ करायचा विचार आहे. नुसत्या रिव्हेटी काढल्या की निघेल ना?

निघेल, आणि मग बोटीच्या बाजू लाटेवर आतबाहेर हलायला लागतील. रिव्हेट मारलेल्या लहान बोटीत आडवी बैठक ही दोन बाजूंना बांधून ठेवणारी तुळई असते आणि बहुधा तिच्या पोटातच तरंगवणारा फोमही असतो. काढायचीच असेल तर आधी तिच्या जागी दोन्ही बाजूंना उभे आधार आणि तळावर आडवा ॲल्युमिनियमचा कोन (अँगल) बसवा, मगच बैठक कापा. तळ उंच केला तर माणसांचं वजनही वर जातं आणि बोट कलू लागते. उभं राहून गळ टाकायचा असेल तर तळाची फळी जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवा. आमचं मत विचाराल तर मधली बैठक राहू द्यावी आणि पुढच्या भागातच छोटा सपाट तळ करावा.

प्रश्न : बैठकीखालचा जुना फोम ओला लागतो. वाळवून परत घालता येईल का? नवा किती लागेल?

पाणी प्यायलेला फोम वाळत नाही. एक तुकडा कापून पिळा. पाणी आलं तर सगळा काढा, कारण ओला फोम पत्र्याला चिकटून राहिला की त्याच्यामागे पत्र्याला खड्डे पडतात. काढलेल्या जागी पांढरी भुकटी दिसेल. ती घासून खड्डे किती खोल आहेत ते आत्ताच बघा.

फोम न घालता बोट पाण्यात उतरवू नका. बोट पाण्याने भरली की ॲल्युमिनियम थेट तळ गाठतं. हिशेब असा. पाण्यात ॲल्युमिनियमचं वजन सुमारे ०.६३ पट राहतं. पत्रा १२० किलोचा असेल तर ७६ किलो. मोटर ४०, बॅटरी २०, टाकी आणि सामान १० ही वजनं सुरक्षिततेसाठी पूर्णच धरा. बेरीज १४६. लाकूड तरंगतं, ते सोडून द्या. धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणि हिशेबातल्या चुकीसाठी यात निम्मी भर घाला, म्हणजे २२० किलो. एक लिटर बंद छिद्रांचा फोम साधारण ०.९६ किलो उचलतो, म्हणजे २३० लिटर फोम लागेल. ५० मिलिमीटर जाडीच्या पाटीत हे ४.६ चौरस मीटर होतं.

पाटी एकसंध, दाबून बनवलेल्या पॉलिस्टायरीनची घ्या. पांढऱ्या दाण्यांच्या थर्माकोलमध्ये दाण्यांमधून पाणी शिरतं. पॉलिस्टायरीन पेट्रोलने विरघळतं, तेव्हा टाकीजवळ ते नको. दोन द्रव मिसळून ओतायचा फोम कोपऱ्यात छान भरतो, पण पाणी निथळायच्या वाटाही भरून टाकतो आणि एकदम जास्त ओतला तर फुगून पत्रा बाहेर ढकलतो. पाट्या कापून बसवलेल्या बऱ्या, पुढे काढून बघता येतात.

जागा महत्त्वाची. सगळा फोम तळाशी कोंबला तर भरलेली बोट उलटते आणि पोट वर करून तरंगते. बाजूंना उंचावर, काठाखाली आणि बैठकींत तो वाटून टाका. मागे मोटरचं वजन असतं म्हणून तिकडे थोडा जास्त. पाटीखाली पाणी वाहायला फट ठेवा.

प्रश्न : रंग देऊन वर्ष झालं नाही तोच पोपडे निघतात. प्रायमरही मारला होता.

ॲल्युमिनियम उघडं पडताक्षणी त्यावर ऑक्साइडचा थर धरायला लागतो आणि रंग त्या थराबरोबर सुटतो. म्हणून इथे क्रम आणि वेळ हेच महत्त्वाचं.

आधी तेल काढायचं, मग घासायचं. तेलकट पत्रा घासला तर तेल ओरखड्यांत बसतं. जुना रंग सगळीकडे सुटत नसेल तर पूर्ण काढायची गरज नाही. ब्लेडने जाळी मारून वर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. रंग राहिला तर तो पाया म्हणून चालेल, फक्त कडा घासून उतरत्या करा. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तो ओलाच घासा, धूळ उडवू नका. कॉस्टिक सोड्याचं रंग काढणारं रसायन धातूच खातं, ते नको. चाकांच्या सफाईचे हायड्रोफ्लुओरिक ॲसिडवाले द्रव आणि म्युरिॲटिक ॲसिडही नको. पोलादी ब्रश आणि स्टीलवूल तर हातातही घेऊ नका. त्यांचे कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि प्रत्येक कणाभोवती फोड येतो. वाळूचा मारा दीड मिलिमीटरचा पत्रा वाकवतो.

८० नंबरच्या पॉलिश कागदाने सुरुवात, १२० ते १८० वर शेवट. त्यापुढे चकचकीत केलंत तर रंगाला धरायला काही राहत नाही. मग फॉस्फोरिक ॲसिडच्या धातू धुण्याच्या द्रवाने, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून, धुवा आणि भरपूर पाण्याने खळखळा. पाणी पत्र्यावर एकसलग पसरायला हवं. मधेच फाटून त्याचे थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. कोरडा झाला की दोन-चार तासांत प्रायमर द्या. पत्रा धुवून रात्रभर ठेवलात तर सकाळी पुन्हा घासा.

प्रायमरचे दोन रस्ते आहेत, त्यांतला एकच निवडा. एक, स्वतःच पत्रा कोरणारा ॲसिडयुक्त प्रायमर. तो इतका पातळ द्यायचा की खालचा धातू थोडा दिसावा. जाड दिला तर आत कच्चा राहतो आणि सगळा रंग घेऊन निघतो. पोपड्यांच्या मागच्या बाजूला प्रायमर दिसत असेल तर तुमच्याकडे हेच झालं आहे. दोन, घासलेल्या पत्र्यावर थेट इपॉक्सी प्रायमर. एकावर दुसरा चालतो की नाही हे दोन्ही डब्यांच्या माहितीपत्रकात बघितल्याशिवाय करू नका, बरेच उत्पादक मनाई करतात. झिंक क्रोमेटचा पिवळा प्रायमर चांगला धरतो, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. घरच्या कामात झिंक फॉस्फेटवर समाधान मानावं.

वरचा रंग दोन घटकांचा पॉलियुरेथेन असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. स्प्रे गनने उडवायचं तर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, साधा फिल्टर पुरत नाही. रोलरने लावून लगेच मऊ ब्रशच्या टोकाने सपाट करा, काम जवळजवळ तितकंच साफ होतं. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असावा, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला काम नको. बोटीची आतली बाजू रंगवायची सक्ती नाही. उघडं ॲल्युमिनियम स्वतःला सांभाळतं.

प्रश्न : तळावर शेवाळ आणि शिंपले धरतात. लाकडी होडीसाठी आणलेला शेवाळरोधक रंग उरला आहे, तो चालेल का?

नाही. त्यात बहुधा क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबं असतं. ॲल्युमिनियमसाठी तांबं नसलेला वेगळा रंग मिळतो. बोट रोज बाहेर काढत असाल तर तोही लागत नाही, धुणं पुरतं.

प्रश्न : तळाला हाताच्या बोटाएवढा लांब तडा आहे. वेल्डिंग करून घेऊ की बाजारात मिळणाऱ्या कमी तापमानाच्या कांड्यांनी घरीच जोडू?

पातळ, रिव्हेट मारलेल्या बोटीला दोन्ही नको. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा कडक पत्रा मऊ होतो, वाकतो, शेजारच्या सांध्यांमधलं सिलंट जळतं आणि आत फोम असेल तर विषारी धूर होतो, आगही लागू शकते. ३ मिलिमीटरहून जाड, मुळात वेल्डिंगनेच बांधलेल्या बोटीला वेल्डिंगच योग्य आणि ५०५२, ५०८३, ५०८६ या पत्र्यांना ५३५६ ची तार चालते. वेल्डिंगआधी क्लोरीनयुक्त क्लीनर वापरू नका, उष्णतेने त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

त्या कांड्या बहुधा जस्ताच्या असतात. खाऱ्या पाण्यात जस्तच आधी झिजतं, म्हणजे जोडच जातो.

ठिगळ लावा. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर तो ठिगळाखाली पुढे सरकतो. नुसत्या डोळ्याला दिसतो त्याच्यापुढे केसाएवढा तडा असतो, तेव्हा भोक दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे घ्या. त्याच जाडीच्या ५०५२ पत्र्याचा तुकडा तड्याच्या सर्व बाजूंना ४० मिलिमीटर जास्त कापा, कोपरे गोल करा. मधे सिलंटचा सलग थर, भोवती दोन रांगांत आलटूनपालटून रिव्हेटी, रिव्हेटीच्या जाडीच्या चार ते सहा पट अंतरावर. आणि तडा तिथेच का गेला ते बघा. बहुधा आतली एखादी आडवी फासळी सुटलेली असते. ती बसवली नाही तर ठिगळाच्या कडेने नवा तडा जाईल.

प्रश्न : दिवे आणि पाणी उपसायचा पंप लावायचा आहे. गाडीसारखी एकच तार ओढून ऋण टोक बोटीच्या पत्र्याला जोडलं तर चालेल?

अजिबात नाही. पत्र्यातून वीज वाहिली आणि ती पाण्यात उतरली की जिथून उतरते तिथला धातू वेगाने झिजतो, महिन्यांचं काम आठवड्यांत होतं. प्रत्येक उपकरणाला धन आणि ऋण अशा दोन तारा, कथील चढवलेल्या तांब्याच्या, ऋण तार थेट बॅटरीपर्यंत. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून १८ सेंटिमीटरच्या आत. काम झाल्यावर बॅटरी आणि मोटरच्या तारा सोडवा आणि पत्रा व तारांमधला रोध मीटरवर मोजा. मीटरने जोड दाखवला तर कुठेतरी तार सोललेली आहे. आणि बोटीच्या पोटात पडलेलं तांब्याचं नाणं, तारेचा तुकडा, शिशाचं वजन रोज उचला. ओल्या पत्र्यावर पडून राहिलेल्या नाण्याखाली भोक पडतं.

प्रश्न : बोटीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावायचे धातूचे तुकडे कोणते? मित्राने मॅग्नेशियमचे दिले आहेत, बोट खाडीत चालते.

मॅग्नेशियम फक्त गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात ते इतका जोर करतं की पत्र्याजवळ अल्कली तयार होऊन रंग उडतो आणि ॲल्युमिनियमही खाल्लं जातं. खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचे, निव्वळ समुद्रात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे. उघड्या धातूला टेकवून बसवा, त्यांच्यावर रंग मारू नका, निम्मे झिजले की बदला.

प्रश्न : सगळं झालं. ट्रेलरवर ठेवताना काय पाहू?

ट्रेलरच्या लाकडी पट्ट्या औषध मारलेल्या आहेत का, ते. असतील तर त्यांच्यावरचा गालिचा भिजून राहतो आणि तांब्याचे क्षार नव्या रंगाखाली पोचतात. साध्या लाकडावर प्लॅस्टिकच्या सरक पट्ट्या लावा. वरचा रंग एका घटकाचा असेल तर तो हाताला कोरडा लागला तरी आत पक्का व्हायला दोन आठवडे घेतो. तोवर बोट पट्ट्यांवर टेकवली तर तळावर त्यांचा छाप उमटतो. नाळ थोडी उंच, बूच काढलेलं, आणि वरचं आवरण मधे टेकूवर ताणलेलं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी त्यात साचणार नाही.